लोमेनिकच्या महापौराचा गाल

युरोपात एका नदीच्या वळणावर लोमेनिक नावाचे जुने शहर आहे. त्याच्या मुख्य चौकात एका महापौराचा ब्राँझचा पुतळा उभा आहे. महापौराच्या पाठीला दोरखंडाने खुर्ची बांधलेली, खुर्चीत त्याची म्हातारी आई मांडीवर हात ठेवून बसलेली, आणि महापौराच्या तोंडावर असा भाव की आईला कुठला, आख्खी पृथ्वीच वाहून नेतो आहे. ऊनपावसाने सगळा पुतळा काळपट हिरवा पडला आहे. उजवा गाल तेवढा सोन्यासारखा लखलखतो. हा गाल कुरवाळला की नशीब उघडते, अशी पाटी तिथे लावली आहे, आणि देशोदेशीचे प्रवासी रांग लावून तो कुरवाळत असतात. नशीब फुकट मिळते म्हटल्यावर माणूस कोणाचाही गाल कुरवाळेल.

हा गाल का चमकतो याची खरी हकीकत पाटीवर नाही. ती सिन्नरच्या द्वारकाबाई शेजवळ यांना ज्या दिवशी कळली, त्या दिवशी त्या याच चौकात एका खुर्चीवर बसवल्या गेल्या होत्या.

द्वारकाबाईंचे वय शहात्तर. मुलगा मुकुंद आणि सून शलाका त्यांना युरोप दाखवायला घेऊन आले होते. दाखवत होते कसले! मुकुंद मनगटावरच्या घड्याळात पावले मोजत पुढे पळायचा. "आज अठरा हजार झाली!" असे दिवेलागणीला अभिमानाने सांगायचा, जणू तेवढ्या पावलांचा नवसच बोलला होता. किल्ला आला की फोटो, राजवाडा आला की फोटो, आणि चढ आला की आईसाठी खुर्ची. "आई, तू इथं आरामात बस. आम्ही पटकन जाऊन येतो." चार दिवसांत द्वारकाबाईंनी युरोपातल्या सात खुर्च्या नीट पाहिल्या होत्या. एक लोखंडी होती, तिचा एक पाय आखूड होता.

तो प्रवासाचा शेवटचा दिवस होता. चौकाच्या मागून टेकडीवरच्या चर्चकडे दोनशे बारा पायऱ्या जातात. गाडी शहरात शिरत होती तेव्हाच द्वारकाबाईंनी खिडकीतून ते चर्च हेरले होते आणि मनाशी ठरवले होते, की बाकी सगळे राहू दे, पण तिथे उभे राहून खाली बघायचे. वणीचा गड त्या दर चैत्रात चढत आल्या होत्या. पायऱ्यांची त्यांना भीती नव्हती. वेळ लागायचा, एवढेच.

मुकुंदने कॅफेची एक खुर्ची ओढली. "आई, बस. वर पाच वाजता बंद होतं. तुझ्या चालीनं गेलो तर कुणालाच बघायला मिळणार नाही. मी सगळे फोटो काढून आणतो ना."

"फोटोच बघायचे तर सिन्नरला पलंगावर पडून बघितले असते," द्वारकाबाई म्हणाल्या. "विमानात पाय सुजवून घ्यायची काय गरज होती?"

"आई, हट्ट करू नकोस. तुझ्याच भल्यासाठी सांगतोय."

त्यांच्याबरोबर वाट दाखवायला मिलेना नावाची बाई होती. तीही सत्तरीची, पायात जाड बूट, हातात मिटलेली छत्री. तिला मराठीचे अक्षर कळत नव्हते. पण ओढलेली खुर्ची आणि म्हातारीचे तोंड बघून ती मोठ्याने हसली. तिने इंग्रजीत शलाकाला काही विचारले. सासूला इथे बसवून वर जायचे आहे, असे शलाकाने सांगितले तेव्हा तिचे हसू गेले.

"खुर्ची?" ती म्हणाली. "आणि तीही या चौकात?"

मग ती पुतळ्याकडे पाठ करून उभी राहिली आणि सांगू लागली, आणि शलाका द्वारकाबाईंना मराठीत सांगत गेली.

साडेतीनशे वर्षांपूर्वी, असे सांगतात, लोमेनिकला ऑटमार नावाचा महापौर होता. फार सभ्य माणूस. म्हाताऱ्यांना वाकून नमस्कार करणारा, आईला मखमली गादीवर बसवणारा, आणि ती बोलू लागली की दुसरीकडे बघणारा. त्या वर्षी वसंतात डोंगरावरचे बर्फ एकदम वितळले आणि भर दुपारी नदी चढू लागली. सारे शहर टेकडीवरच्या चर्चकडे धावले. पायऱ्या अरुंद, म्हातारी माणसे हळू चालणारी, मागच्यांची वाट अडू लागली. तेव्हा ऑटमारने हुकूम काढला. काय हुकूम? म्हाताऱ्यांना मागे सोडा? छे. इतका उघड नीचपणा सभ्य माणसाला जमत नाही. तो म्हणाला, वडीलधाऱ्यांना त्रास देऊ नका, त्यांना चौकात चांगल्या खुर्च्या द्या. धडधाकट माणसे वर पोचली की आपण परत येऊन त्यांना सन्मानाने उचलून नेऊ.

घराघरांतून खुर्च्या आल्या. एकतीस म्हातारी माणसे ओळीने बसवली. पहिल्या खुर्चीवर महापौराची आई, एक्क्याऐंशी वर्षांची, मांडीवर शाल. ऑटमारने तिच्या हाताचे चुंबन घेतले म्हणे, आणि नगरपालिकेची चांदीची भांडी घेऊन तो वर गेला. भांड्यांना दोन खेपा झाल्या. आईसाठी एकही झाली नाही.

"दोन खेपा?" द्वारकाबाईंनी मध्येच विचारले.

"दोन," मिलेनाने बोटे दाखवली.

"मेल्याला तिसरीचा कंटाळा आला असेल."

पाणी चौकात शिरले. खुर्च्यांचे पाय भिजले. बसलेली माणसे टेकडीकडे बघत होती आणि एकमेकांना सांगत होती, येतीलच आता. महापौराने शब्द दिलाय. शब्दावर विश्वास ठेवून माणूस किती वेळ पाण्यात बसून राहतो, हे बघण्यासारखे असते. त्या ओळीत शेवटी बार्बोरा नावाची परटीण होती. सारा जन्म त्याच नदीवर गावाचे कपडे धुतलेली. नदी कशी चढते ते तिला महापौरापेक्षा बरे कळत होते. पाणी घोट्यापर्यंत आले तशी ती उठली.

"बसा की," शेजारचा म्हातारा म्हणाला. "बसायला सांगितलंय."

"तिरडीला चार पाय लावले, म्हणून ती खुर्ची होत नाही," असे ती म्हणाली म्हणे.

तिने आपल्या धुण्याच्या गाठोड्यातल्या ओल्या चादरी काढल्या, पिळल्या, एकीला एक गाठी मारून लांब दोर केला आणि सगळ्यांच्या हातात दिला. तरण्यांनी केले होते त्याच्या नेमके उलट तिने केले. सर्वांत हळू चालणारे माणूस तिने सर्वांत पुढे लावले, त्याच्यामागे त्याहून थोडे बरे, आणि अंगात सर्वांत बळ असलेली ती स्वतः सर्वांत शेवटी राहिली. परटिणींची ही जुनी रीत होती. ओल्या कपड्यांच्या टोपल्या घेऊन चढताना दमलेली बाई त्या नेहमी पुढे ठेवत. मागचे माणूस पडले तर पुढच्याला दिसत नाही. पुढचे पडले तर मागच्या सगळ्यांना दिसते. एवढी साधी गोष्ट. नगरपालिकेत बसून ती कोणाला सुचली नव्हती.

सर्वांत हळू होती महापौराची आई. म्हणून तीच पुढे.

एकतीस माणसे त्या चालीने दोनशे बारा पायऱ्या चढली. पाणी शेवटच्या बार्बोराच्या टाचेला लागून येत होते, असे सांगतात. वर पोचली तर चर्चचे दार आतून बंद. अडसर घातलेला. आईने काठीने दार ठोठावले.

आतून ऑटमारचा आवाज आला, "कोण आहे?"

"तुझ्या खुर्च्या आल्यात," आई म्हणाली.

मग अडसर निघाला. ऑटमार दोन्ही हात पसरून बाहेर आला, "आई, मी आत्ता निघणारच होतो—" आणि म्हातारीने साऱ्या गावादेखत त्याच्या उजव्या गालावर अशी लगावली, की आवाज खालच्या पाण्यावरून फिरून परत आला म्हणे.

तिथेच तिने सांगितले, की यापुढे या पायऱ्यांवर सर्वांत म्हातारे माणूस पुढे चालेल. त्याला ओलांडून जो जाईल तो ऑटमारच्या वंशातला. आणि ती स्वतः पुन्हा कधी खुर्चीवर बसली नाही. त्यानंतर नऊ वर्षे जगली, जमिनीवर बसून जेवली, आणि मुलगा समोर आला की उभी राहायची. मखमली गादी मांजराला दिली. चर्चच्या दाराला अडसर पुन्हा लागला नाही.

"आणि ती परटीण?" द्वारकाबाईंनी विचारले. "बुडाली असेल."

"छे," मिलेना म्हणाली. "चौऱ्याऐंशीव्या वर्षी गेली. पोट बिघडून."

"बरं झालं. गोष्टीत बाई शहाणी निघाली, की तिला बुडवल्याशिवाय लोकांना चैन पडत नाही."

पुढे ऑटमारचा नातू महापौर झाला, आणि आजोबा आईला पाठीवर वाहून नेताहेत असा हा पुतळा त्याने उभारला. खोटे दगडात किंवा धातूत ओतले की ते खरे होते, अशी मोठ्या घराण्यांची समजूत असते. पुतळ्यावरचा पडदा उघडला त्या दिवशी गावच्या परटिणी ओळीने आल्या आणि एकेकीने उजव्या गालावर एकेक लगावून गेल्या. दुसऱ्या दिवशीही आल्या. शिपायांना काय करावे कळेना. शेवटी नगरपालिकेने लाज झाकायला पाटी लावली, की इथे गाल कुरवाळण्याची शुभ प्रथा आहे.

गोष्ट संपली. द्वारकाबाई उठल्या. त्यांनी खुर्ची नीट टेबलाखाली सारली, पदर खोचला आणि पायऱ्यांकडे चालू लागल्या.

"आई, पाच वाजता—" मुकुंद म्हणाला.

"पाचला तिकिटाची खिडकी बंद होते," शलाका म्हणाली. "दाराला अडसर नाही. ऐकलं नाहीत का तुम्ही?" आणि ती सासूच्या मागे उभी राहिली. दोघींच्या मध्ये मिलेना, कारण ती द्वारकाबाईंहून पाच वर्षांनी लहान. मुकुंद शेवटी.

द्वारकाबाई दहा पायऱ्या चढत, थांबत, कठड्याला हात लावून श्वास घेत, पुन्हा दहा चढत. सत्तराव्या पायरीच्या आसपास मुकुंदचा धीर सुटला. "मी जरा पुढे जाऊन फोटो—" म्हणत तो कडेने वर आला आणि आईच्या पुढच्या पायरीवर त्याने पाय टाकला.

"ऑटमार!" वरच्या खिडकीत गालिचा झटकणारी बाई ओरडली. "ऑटमार!" खालून कॅफेचा वेटर ओरडला. कुठून तरी एक म्हातारा, दिसतही नव्हता, तोही ओरडला. मुकुंदने पाय असा मागे घेतला की जणू निखाऱ्यावर पडला होता.

"हळू रे," द्वारकाबाई मागे न बघता म्हणाल्या. "पावलं मोजत ये."

वर पोचायला त्यांना पाऊण तास लागला. पाच वाजून गेले होते. दार उघडे होते. द्वारकाबाई उंबऱ्यावर जमिनीलाच टेकल्या आणि बराच वेळ खाली बघत राहिल्या. नदी, तिचे वळण, लाल कौले, आणि चौकात खिळ्याएवढा महापौर. मुकुंद शेजारी येऊन बसला. त्याने फोन काढला नाही.

उतरताना चौकात प्रवाशांची रांग होतीच. द्वारकाबाई रांगेत उभ्या राहिल्या नाहीत. त्या सरळ पुढे गेल्या, टाचा उंचावल्या, आणि महापौराच्या उजव्या गालावर सणसणीत लगावली. धातूचा आवाज चौकभर घुमला. रांगेतले लोक दचकले. मुकुंदचा हात आपसूक स्वतःच्या गालाकडे गेला.

आजही लोमेनिकला येणारे प्रवासी तो गाल बोटांनी कुरवाळतात आणि नशीब मागतात. गावातल्या बायका बाजारातून भाजी घेऊन जाता जाता, न थांबता, लगावून जातात. आजही दोनशे बारा पायऱ्यांवर सर्वांत म्हातारे माणूस पुढे असते. आणि त्या गालाकडे कोणी जवळून बघितले, तर त्याला कळते की ब्राँझ जिथे झिजले आहे, तो आकार पुऱ्या तळहाताचा आहे.