मोठ्याने वाचण्याची अट

एकदा एका तालुक्याच्या गावी एक वकील राहत होता. तो इतका वृद्ध होता की त्याच्या पहिल्या दाव्यातले वादग्रस्त आंब्याचे रोप, जे पुराव्यादाखल न्यायालयाच्या आवारात आणून लावले होते, त्याचा आता प्रचंड वृक्ष झाला होता. दावा अर्थातच प्रलंबित होता. मूळ वादी-प्रतिवादींचे नातू त्याच झाडाच्या सावलीत पुढच्या तारखेची वाट पाहत एकमेकांना कैऱ्या देत बसत. ज्यांना हे खोटे वाटत असेल, त्यांनी एकदा दिवाणी दावा लावून पाहावा.

या वकिलाजवळ एक शिष्या होती. विधी महाविद्यालयातून पहिली आलेली, बुद्धीने तीक्ष्ण, आणि अलीकडे जराशी अस्वस्थ. कनिष्ठ वकिलाला ज्येष्ठाकडून दोन गोष्टी मिळतात, चहा आणि अनुभव. त्यांपैकी चहा रोज मिळतो. तिच्या बरोबरीच्या मुली केव्हाच मोठ्या शहरात, काचेच्या उंच इमारतींत, कंपन्यांचे करारनामे आणि दावे तपासू लागल्या होत्या. तिलाही तशाच एका ठिकाणाहून बोलावणे आले होते. एकच कागद कमी होता : ज्येष्ठ वकिलाच्या सहीचे अनुभवाचे प्रमाणपत्र. शनिवारपर्यंत ते पोहोचले नाही, तर जागा दुसऱ्या कोणाची होणार होती. आणि आज मंगळवार होता.

“सही करतो की,” वृद्ध म्हणाला. “त्याआधी एक दावा लिहून दे. अट एकच. ज्याचा दावा आहे, त्याने तो माझ्यासमोर मोठ्याने वाचायचा. न थांबता. जिथे थांबला, तिथे कागद फाडायचा.”

“एवढंच, सर?”

“एवढंच.”

शिष्या मनातल्या मनात हसली. म्हातारपणी माणसाला कथा-कीर्तनाची आवड लागते, हे तिने ऐकले होते. ती दाव्याच्या कागदांवर भागवणारा मनुष्य तिने प्रथमच पाहिला. शिवाय तिच्या लॅपटॉपमध्ये एक नवे यंत्र होते. चार गोष्टी सांगितल्या की चहाला उकळी फुटायच्या आत ते एकतीस पानांचा दावा लिहून देई, आणि त्यात व्याकरणाची चूक शोधणाऱ्याला दिवस पुरत नसे.

त्याच दुपारी एक भुसार मालाचा व्यापारी तणतणत आला. सारा बाजार त्याला अण्णा म्हणे. त्याचे आणि धाकट्या भावाचे गोदाम शेजारी शेजारी, मधले अंगण सामाईक. त्या अंगणाच्या तोंडाशी या भावाने, सिद्रामाने, लोखंडी फाटक बसवून कुलूप घातले होते.

“तुरीची आवक सुरू झालीय, वकीलसाहेब! माझे ट्रक रस्त्यावर उभे आहेत. सिद्रामाला असा धडा शिकवा, की फाटक काय, घराचं दार लावतानासुद्धा त्याचा हात थरथरला पाहिजे!”

वृद्धाने शिष्येकडे बोट केले. तिने अण्णाला तारीख विचारली, जागेचा नंबर विचारला, फाटकाची लांबी-रुंदी विचारली. यंत्राला याहून अधिक लागत नव्हते.

बुधवारी अण्णाने चष्मा लावला आणि आंब्याखाली बसून वाचायला प्रारंभ केला. “‘प्रतिवादी हा मूळचाच लबाड, कपटी, कायदा न जुमानणारा इसम असून...’ वा! काय लिहिलंय गं पोरी! ‘त्याने वादीस छळण्याच्या दुष्ट हेतूने...’ अगदी बरोबर!” त्याचा आवाज चढत गेला. दोन्ही पक्षांचे नातू कैऱ्या बाजूला ठेवून ऐकू लागले. एका बेलिफाने तर मान डोलावली. शिष्येने वृद्धाकडे विजयी मुद्रेने पाहिले.

नवव्या परिच्छेदावर अण्णा थांबला.

“‘वादी व प्रतिवादी यांच्यात कधीही सलोख्याचे संबंध नव्हते व नाहीत.’ कधीही?”

“तसं लिहायची पद्धत असते, अण्णा.”

“अगं, पण माझ्या वरातीत घोड्यापुढं नाचताना त्याचा पाय मोडला होता! दीड महिना प्लास्टरमध्ये होता. त्याही अवस्थेत विचारायचा, अण्णा, घोडा कसाय? आणि तू लिहितेस कधीही नव्हते?”

“प्रत्येकच दाव्यात ते वाक्य असतं हो.”

“मग या दाव्यात माझं काय आहे?”

वृद्धाने हात पुढे केला. एकतीस पाने फाडायला बराच वेळ लागला, कारण त्याच्या बोटांत संधिवात होता. पण त्याने ते काम कोणाला करू दिले नाही.

गुरुवारी शिष्या सावध होऊन आली. यंत्राला सांगून तिने सर्व शिव्या गाळल्या होत्या, घोडाही दुखावणार नाही अशी भाषा आणली होती, आणि दावा बारा पानांवर आला होता. अण्णा शांतपणे वाचत गेला. सातवे पान, आठवे पान. शिष्येच्या डोळ्यांपुढे काचेची इमारत दिसू लागली.

“‘दिनांक चार रोजी प्रतिवादीने विनाकारण सदर फाटक...’”

अण्णाचा आवाज विरला. त्याने चष्मा काढून धोतराच्या सोग्याला पुसला, पुन्हा लावला, पुन्हा त्याच ओळीवर आला. “विनाकारण,” तो म्हणाला, आणि पुढे गेलाच नाही.

“काय झालं, अण्णा?” वृद्धाने विचारले.

“कारण आहे, वकीलसाहेब.”

अण्णाने कागद मांडीवर उपडा ठेवला.

“त्याची धाकटी पोर अंगणात सायकल शिकते. तीन तारखेला माझा ट्रक मागं येत होता. ड्रायव्हरला ती दिसली नाही. लागलं नाही तिला, देवाची कृपा, सायकलचं चाक तेवढं गेलं. सिद्राम ओरडत आला. मी म्हणालो, पोरींना घरात ठेव, हे गोदाम आहे, बाग नव्हे. दुसऱ्या दिवशी फाटक लागलं.”

शिष्या संतापली. “हे मला आधी का नाही सांगितलंत? समोरच्या वकिलाने कोर्टात हेच पहिलं सांगितलं असतं! आपण महत्त्वाची गोष्ट लपवली म्हणून मनाई हुकमाचा अर्ज तिथल्या तिथे फेटाळला गेला असता!”

“तू विचारलंस कुठं? फाटक किती फूट आहे ते विचारलंस. मी सांगितलं, चौदा.”

बारा पाने लवकर फाटली.

अण्णा गेल्यावर शिष्या म्हणाली, “सर, ही माझी परीक्षा आहे की त्या यंत्राची?”

“यंत्र बिचारं काय करील? मी शिकत होतो तेव्हा माझ्या गुरूंच्या कपाटात छापील नमुन्यांचं एक जाडजूड पुस्तक होतं. भाऊबंदकी, पान दोनशे बारा. मीसुद्धा तिथूनच उतरवत असे, ‘कधीही सलोख्याचे संबंध नव्हते.’ तुझं यंत्र तेच करतं, फक्त त्याच्या बोटांना शाई लागत नाही.”

“मग तुमचा आक्षेप कशाला आहे?”

वृद्ध जरा सावरून बसला. “प्रत्येक दाव्याच्या शेवटी आपण काय लिहितो? वरील मजकूर मी वाचला, तो खरा व बरोबर आहे. त्याखाली पक्षकार सही करतो. चाळीस वर्षांत वाचून सही करणारे किती भेटले, ते मी सांगत नाही, आपल्या व्यवसायाची अब्रू जाईल. पण एक दिवस तोच माणूस साक्षीच्या पिंजऱ्यात उभा राहतो आणि समोरचा वकील तीच ओळ त्याच्याकडून मोठ्याने वाचून घेतो. जे वाक्य त्याचं नाही, त्याच्यावर माणूस अडखळतोच. मी काही वेगळं करत नाही. त्याला आधी इथे, झाडाखाली अडखळू देतो. इथे अडखळला तर कागद फाटतो. तिथे अडखळला तर घर फाटतं. आणि लक्षात ठेव, तो जिथे थांबतो ना, तिथेच खटला असतो. बाकीची पानं नुसती पानं.”

शुक्रवारी सकाळी शिष्या लॅपटॉप घरी ठेवून अण्णाच्या अंगणात गेली. ट्रक कोणत्या बाजूने वळतो ते तिने पाहिले. मुलांची शाळा किती वाजता सुटते ते विचारले. फाटकाची लांबी विचारली नाही. सायंकाळी आंब्याखाली, वृद्धाच्या देखत, तिने अडीच पाने अण्णासमोर ठेवली. त्यात अंगण सामाईक असल्याचे होते, ट्रक अडल्याचे होते, आणि तीन तारखेची सायकलही होती. मागणी एवढीच होती की मुले शाळेत असतात तेव्हा, सकाळी सातपासून बारापर्यंत, फाटक उघडे असावे. त्यानंतर ते बंद राहण्यास वादीची हरकत नाही.

अण्णाने वाचले. सायकलीच्या ओळीपाशी त्याचा आवाज खाली गेला, परंतु थांबला नाही. शेवटच्या शब्दापर्यंत आला आणि म्हणाला, “याची एक प्रत मला द्या. हे दाखल करा, जरूर करा. पण आधी मी त्याला वाचून दाखवतो.”

तो सरळ गोदामाकडे गेला आणि फाटकाबाहेर उभा राहून वाचू लागला. सिद्रामाने आतून, हाताची घडी घालून, सर्व ऐकून घेतले.

“संपलं?”

“संपलं.”

“एक चूक आहे. ट्रक मागं येत नव्हता, पुढं येत होता.”

“मागं येत होता!”

“अण्णा, मी बघत होतो!”

या मुद्द्यावर ते दोघे अंधार पडेपर्यंत भांडले. मध्येच कधीतरी, ट्रक नेमका कुठे होता हे पावलांनी मोजून दाखवण्यासाठी, सिद्रामाने कुलूप काढले. सात ते बारा ही वेळ त्याने मान्य केली. ट्रकची दिशा मात्र त्याने अद्याप मान्य केलेली नाही.

शनिवारी सकाळी वृद्धाने प्रमाणपत्रावर सही केली. शिष्येने ते हातात घेतले, पण उठली नाही.

“सर, तिकडे वादी म्हणजे कंपनी असते. कंपनी कशी वाचणार?”

“सही कोण करतो?”

“त्यांचा एखादा अधिकारी.”

“त्याला तोंड असेल ना?”

शिष्येने नमस्कार केला आणि ती शहरात गेली. सांगतात, की तिथल्या सतराव्या मजल्यावर एका खोलीचे दार दुपारी बंद असते आणि आतून कोणी मोठ्याने वाचत असल्याचा आवाज येतो. मध्येच तो आवाज थांबतो. बाहेरच्या लोकांना वाटते, काम अडले. आत मात्र ते त्याच क्षणी सुरू झालेले असते.