चटईखालचे दगड

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. आफ्रिकेच्या उत्तर टोकाला, समुद्राकाठी, पांढऱ्या घरांची एक राजधानी होती. तिच्या शेजारी तिच्याहूनही जुन्या एका नगराचे भग्नावशेष पडले होते. शहराला दगड हवा असला की लोक तिकडे जात. एकाची पडझड, दुसऱ्याची घरबांधणी. जगात असंच चालतं म्हणा!

या शहराची एक रीत होती. बाहेरून आलेल्या प्रत्येक वस्तीने त्या अवशेषांतून एक खांब आणायचा आणि मोठ्या मशिदीत उभा करायचा. खांब छताला भिडला की वस्ती शहराची झाली. मग विहिरीचं पाणी, बाजारातली जागा, तटाच्या आत घर, सगळं मिळे. खांब नाही, तर शहरही नाही.

एका वर्षी हिवाळ्याच्या तोंडावर समुद्रापलीकडून काही कुटुंबं आली. तिथल्या राजाने त्यांना देशोधडीला लावलं होतं. त्यांच्यात यामीना नावाची एक म्हातारी होती. लव्हाळ्याच्या चटया विणण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं.

तिच्या माणसांनी सारे अवशेष पालथे घातले. पण चांगले खांब आधीच्यांनी केव्हाच नेले होते. उरला होता एकच, तोही बुटका. त्यांनी तो ओढत ओढत आणला आणि मशिदीच्या दाराजवळ, उघड्या फरशीवर उभा केला. छत वीतभर वरच राहिलं.

"नाही चालायचा," थोरल्या आळीचे शेख म्हणाले. ही आळी शहरातली सगळ्यांत जुनी, आणि शेखांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. "आमच्या वाडवडिलांचा खांब पाहा. जमिनीतून उगवल्यासारखा थेट छताला भिडलाय. तुमचा भिडत नसेल, तर शुक्रवारी गलबतात बसा."

"एवढ्या थंडीत लेकरं घेऊन कुठे जाऊ, शेखसाहेब?" यामीनाने विचारलं. "खाली एखादा दगड सरकवला तर?"

"टेकू दिलेला खांब? या मशिदीत? असलं इथे कधी झालेलं नाही."

झालं! सगळ्यांची तोंडं उतरली. यामीनाची सून तर चिडलीच. "असल्या गावात राहायचंच कशाला?"

"अगं, आल्या दिवसापासून यांच्या तंदूरच्या भाकरीवर जगतोय आपण," यामीना म्हणाली. "जायचंच असेल, तर खाल्ल्या मिठाला जागून जाऊ."

सगळ्या बायका कामाला लागल्या आणि त्यांनी मशिदीसाठी एक नवी चटई विणली.

शुक्रवारी सकाळी ती घेऊन त्या आल्या तेव्हा शेख ओशाळले. माणूस काही वाईट नव्हता, फक्त ताठ होता. "घाला तिथेच, वरती," ते म्हणाले.

कारण या शहराची एक खोडही होती. जुनी चटई इथे कोणी काढतच नसे. काढणार कोण आणि धूळ खाणार कोण! आजोबांच्या चटईवर बापाची, बापाच्या चटईवर मुलाची. दारातून आत जाताना एक पायरी चढावी लागे, ती या चटयांचीच होती. पण ज्याला त्याला वाटे, मशिदीची जमीनच उंच आहे.

"कुजक्यावर नवी घातली तर तीही कुजते," यामीना म्हणाली. "जुन्या काढा आधी."

नाखुशीने का होईना, शेखांनी मान हलवली. थरावर थर निघू लागले. शिंकून शिंकून सगळे बेजार झाले. मग धूळ खाली बसली.

एकही खांब जमिनीतून उगवलेला नव्हता. प्रत्येकाखाली दगड होता. कुठे चार बोटं, कुठे वीतभर. आणि सगळ्यांत जाड दगड होता थोरल्या आळीच्या खांबाखाली.

शेख खाली बसले. त्यांनी त्या दगडावरून हात फिरवला. तो मधोमध झिजलेला होता, पावलांनी झिजतो तसा, आणि कडेला कोळ्यांच्या दारावर असतो तसा मासा कोरलेला होता. तो कोणाच्या तरी घराचा उंबरठा होता. त्यांचे वाडवडील उघड्यावर असताना, इथे आधी राहणाऱ्या कोण्या कोळ्याने आपल्या दाराचा दगड काढून दिला होता. त्याचं नावही आता कोणाला ठाऊक नव्हतं.

शेखांचे डोळे पाणावले. ते उठले आणि तडक घरी गेले. परतले तेव्हा त्यांचे मुलगे एक जड दगड वाहून आणत होते. तो त्यांच्या स्वतःच्या घराचा उंबरठा होता.

"माई," ते यामीनाला म्हणाले, "उचला तुमचा खांब."

खांब छताला भिडला. गलबत त्या दिवशी रिकामंच गेलं. यामीनाच्या माणसांना तटाच्या आत घरं मिळाली, आणि चटयांचा बाजार तेव्हापासून त्यांच्याच आळीत भरू लागला. मशिदीत नवी चटई घालताना जुनी आधी उचलायची, आणि शेजारपाजारच्या लेकरांना बोलावून खांबांखालचे दगड दाखवायचे, अशी नवी रीत पडली. शेखांच्या दाराला पुढे बरीच वर्षं उंबरठा नव्हता. त्यांनी तो मुद्दामच बसवला नाही.

तात्पर्य: आपल्याला कोणी उभं केलं हे जो विसरत नाही, तो दुसऱ्याला उभं करताना मागेपुढे पाहत नाही.