शेठचा डबल बेड

आसनगावचं घर मुंबईपासून लांब होतं, पण परवडणारं होतं. घ्यावं की नाही, हे रेवतीचं ठरत नव्हतं. जन्माची पुंजी एकदाच घालायची होती. नमुना फ्लॅट दाखवताना बिल्डर शेठ ऐटीत म्हणाले, "बघा, डबल बेड टाकूनही नाचायला जागा उरते!"

रेवतीनं पलंग निरखला आणि सहाफुटी नवऱ्याला म्हणाली, "अहो, जरा आडवे व्हा बघू."

तो आडवा झाला, तर पाय पोटरीपासून बाहेर!

"शेठ, खोली पसंत आहे," रेवती म्हणाली. "फक्त या पलंगाच्या मापाचा नवराही द्या."

बाकीची गिऱ्हाइकं खो खो हसली. शेठनी तिला घाईघाईनं केबिनमध्ये नेलं आणि भाव उतरवला.

दिवाळीला त्या खोलीत रेवतीचा जुना, पुऱ्या मापाचा पलंग लागला. नाचायला जागा उरली नाही, पण नवरा सबंध मावला.