हातगुणाचा हेवा

सरका रे जरा. दिगू, तिचं पांघरूण ओढू नकोस, तुझं तुला दिलंय ना? आणि सुमे, तू गं कशाला फुगून बसलीस? तो या कुशीला, तू त्या कुशीला. आणखी तिसरी कूस मी कुठून आणू? दिवसभर नुसतं त्याला जास्त दिलं, तिला जास्त दिलं! थांबा, आज हेव्याचीच गोष्ट सांगते तुम्हाला.

एकदा काय झालं, नदीकाठच्या एका गावात आनसाबाई नावाची म्हातारी वैदीण राहायची. तिला दोन सुना. थोरली बयजा आणि धाकटी येसू. मुलगे दोघं शेतावर राबायचे, घरातलं औषधांचं काम सगळं बायकांकडे. त्या घरात दोन रीती होत्या बरं का. कुठल्याही झाडाला हात लावायचा तर आदल्या संध्याकाळी जायचं, बुंध्याशी हळद-तांदूळ ठेवायचे, आणि सांगायचं, "बाबा, उद्या येते. अमक्याला खोकला झालाय, मूठभर पानं दे." असं आमंत्रण दिल्याशिवाय ओरबाडायचं नाही. आणि दुसरी रीत अशी, की नवं औषध झालं की आधी करणारीनं स्वतः प्यायचं. तिला काही अपाय झाला नाही, तरच ते रोग्याला द्यायचं.

आता ही बयजा हुशार हो. कुठली साल किती उकळायची, कुठलं मूळ दुधात उगाळायचं, कुठलं ताकात, सगळं तिला पाठ. पान जिभेवर ठेवलं की सांगायची, हे सकाळी तोडलंय की उन्हात. एकदा कसल्याशा नव्या पाल्याचा रस पिऊन तिची जीभ निळीशार झाली, महिनाभर तशीच राहिली. पण बाईनं तो पाला काही सोडला नाही. उकळून बघितला, वाळवून बघितला, शेवटी त्याचं पोटदुखीचं औषध करूनच थांबली.

आणि येसू? येसू आपली हसरी. वाटायला बसली तर निम्मं पाट्याखाली. पण तिनं नुसतं भांडं रोग्याच्या तोंडाला लावलं की तो उठून बसायचा! लोक म्हणायचे, "धाकटीच्या हाताला गुण आहे हो." झालं. बयजाच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. चुलीपुढे घाम गाळायचा हिनं, आणि नाव व्हायचं तिचं.

कुंभारणीचा खोकला गेला, तिनं खण दिला येसूला. पाटलाचा सुजलेला पाय उतरला, त्यानं नारळ दिला येसूला. हेही बयजानं गिळलं. मग एक दिवस खुद्द सासूचं डोकं दुखायला लागलं. सासू म्हणाली, "बयजा, काढा तूच कर गं बाई, तुझ्यासारखा कुणाला जमत नाही. पण पाजायला येसूला पाठव." हे मात्र फार लागलं बघा तिला. मागच्या दारी जाऊन ढसाढसा रडली. मलाही नाही पटलं सासूचं, खोटं कशाला बोलू!

मग बयजानं काय केलं? हळद-तांदूळ घेतले आणि गावाबाहेरच्या म्हाताऱ्या बेहड्याकडे गेली. त्या झाडाजवळ कुणी फिरकत नसे, ते बोलतं म्हणून. बुंध्याशी तांदूळ ठेवून ती म्हणाली, "बाबा, उद्या येते. पान नको, साल नको. येसूच्या हातातला गुण मला हवाय."

झाड कुरकुरलं. म्हणालं, "बाई, हे मागायची वस्तू नाही."

बयजा म्हणाली, "आमंत्रण दिलंय. आता नाही म्हणता येत नाही तुला."

खरंच की. रीत म्हणजे रीत. दुसऱ्या दिवशी ती गेली, ओंजळ पसरली, वरून टपकन एक फळ पडलं. मूठ मिटली तशी त्या फळाची ऊब मनगटापर्यंत चढली. आणि तिकडे घरी येसूचे हात गार पडले, हातातलं भांडं सुटून खाली आलं.

मग काय विचारता! बयजानं पाजलं की ताप पळाला, बयजानं चोळलं की कंबर सरळ झाली. त्या देशाच्या राजाला पोटशूळ उठला होता, त्यानं पालखी पाठवून तिला नेलं. तिनं चमचाभर पाजलं, तो सिंहासनावरून उठून नाचायला लागला. गावात जो तो म्हणायला लागला, थोरलीच्या हाताला गुण आहे. आणि येसूच्या हातून आता काहीच होईना. बिचारी हात बघत बसायची. बयजा म्हणाली, "तू आपली गोठ्यात जा, शेण काढ." येसू गेली. बयजाला काय गोड वाटलं म्हणता!

पण एकदा घाईत काय झालं, पातेल्यात पाला टाकायचाच राहिला. नुसतं गरम पाणी पाजलं गेलं. आणि रोगी टुणकन उठला! बयजाला आधी हसू आलं. मग तिच्या मनात आलं, अगं बाई, म्हणजे कालचा गेला तो ताप माझ्या काढ्यानं गेला की हातानं? आणि परवाचा? तिला काही ठरवता येईना. मग तिनं विचारच सोडून दिला. झाडांना आमंत्रण द्यायचं सोडलं, स्वतः चाखायचं सोडलं. गरम पाण्यानं भागतंय तर कुणी उकळत बसायचं?

अशात मुलुखात एक दुखणं आलं. त्याला जागी म्हणायचे. जागी लागली की डोळा मिटतच नाही. माणूस टक्क जागं, खाणं नको, पिणं नको, बडबड करत बसायचं आणि झिजत जायचं. तुम्हाला लागलेली असते तशी नाही रे, ही खरी! बयजानं अलीकडच्या तीरावरची माणसं भराभर निजवली. गरम पाणी पाजलं की निजलं.

मग एक दिवस सिदू नावेकरी धावत आला. नदीला महापूर होता, मोठी नाव केव्हाच वाहून गेली होती. त्याच्याकडे एकच एवढीशी डोणी, एका माणसापुरती. त्या पुरात ती त्याच्याशिवाय कुणाला हाकताही येत नव्हती. तो म्हणाला, "बयजाबाई, तुमच्या मंजीला जागी लागलीय हो. आई आई करतीय."

मंजी म्हणजे बयजाची एकुलती एक लेक. एवढीशी, आपल्या सुमीएवढी. पलीकडच्या तीरावर आजोळी गेली होती.

बयजानं लोटाभर गरम पाणी दिलं. सिदू गेला, पाजून परत आला. काही उपयोग नाही. मग तिनं हाताला लागला तो पाला उकळून दाट काढा दिला. तोही गेला, काही उपयोग नाही. मग तिनं तिसरा लोटा दोन्ही हातांनी कवटाळला, छातीशी धरला, देवापुढे ठेवला आणि दिला. सिदू परत आला आणि मान खाली घालून म्हणाला, "बाई, पोर आता पाणीही गिळत नाही."

तेव्हा तिच्या ध्यानात आलं. गुण होता पाजणाऱ्या हाताला. हात या काठाला आणि मंजी त्या काठाला. आता खरं औषध पाहिजे, सिदूनं पाजलं तरी लागू पडणारं. रानात नीजवेल नावाची एक वेल होती, तिच्यात काहीतरी आहे असं बयजाला फार दिवस वाटत होतं. पण करून बघायचं कुणावर? तिनं पाजलं तर पाण्यानंही निजतात माणसं! तिच्या हाताला खरं-खोटं कळेनासंच झालं होतं.

आता गुण गेलेला हातच खरं काय ते सांगणार, आणि तो हात येसूचा. मग ती गोठ्यात गेली. येसूसमोर उभी राहिली आणि सगळं सांगून टाकलं. "येसू, तुझा गुण मी चोरला. मला तुझा हेवा वाटत होता. अजून वाटतो. पण माझी मंजी मरतीय गं."

येसूनं शेणाची पाटी धाडकन खाली आपटली. "जाऊबाई! मला वाटलं माझ्याच हातून काही पाप घडलं. उपास केले मी, नवस बोलले, आणि हे तुम्ही केलंत?" तिचे डोळे नुसते आग ओकत होते. मग ती रांजणाकडे गेली, हात धुतले, म्हणाली, "आधी मंजी. भांडण मागाहून. आणि भांडणार आहे मी, सांगून ठेवते."

बयजा नीजवेलीकडे गेली. हळद-तांदूळ ठेवले, मंजीचं नाव घेतलं. कितीतरी दिवसांनी ती अशी वाकली होती. दुसऱ्या दिवशी वेल घेऊन आली. पण आता गावातलं एकही माणूस येसूच्या हातून घ्यायला तयार होईना. सगळ्यांचं एकच, आम्हाला बयजाबाईंच्या हातचंच पाहिजे! शेवटी आनसाबाई पुढे आली. तिलाही कालपासून जागी लागली होती. म्हणाली, "पाज गं मला येसू. मेले तर म्हातारीच मरेन."

आधी पानांचा रस काढला. रीतीप्रमाणे बयजानं आधी स्वतः घ्यायचा. पण स्वतःचा हात लागला तर पुन्हा घोटाळा! म्हणून तिनं हात पदरात गुंडाळून घेतले आणि लहान पोरासारखा आ केला. येसूनं पाजलं. तिला काही झालं नाही, मग सासूला दिलं. सासूचे उरलेसुरले दात हिरवेगार झाले, आणि डोळे होते तसेच टक्क उघडे.

मग देठाच्या सालीचा काढा. बयजा प्यायली, मग सासू प्यायली. सासू निजली! दोघी एकमेकींकडे बघतात तोवर म्हातारी निजल्या निजल्या उठली, जात्यावर बसली आणि ओव्या म्हणत पायलीभर ज्वारी दळून मोकळी झाली. डोळे उघडले तेव्हा हात दुखतात म्हणून दोघींना शिव्या घातल्या. हसू नका रे, त्यांना रडू येत होतं. मंजीकडे वेळ कुठे होता?

मग मूळ राहिलं. बयजानं ते उगाळलं, दुधात कालवलं. येसूनं तिला पाजलं. बयजाला अशी जांभई आली, की ती म्हणाली, "जास्त झालं. निम्मं कर." निम्मं केलं, सासूला दिलं. सासू म्हणाली, "येसू, माझी वाकळ कुठाय..." आणि घोरायला लागली. दोघी तिच्या उशाशी बसून राहिल्या. दळण नाही, बडबड नाही. चांगली झोप काढून म्हातारी उठली आणि म्हणाली, "भूक लागली गं."

सिदूला बोलावलं, लोटा दिला. तो घाबरला. "पाजायचं कुणी? माझ्या हाताला तर नुसता मासळीचा वास येतो बाई!"

"तूच पाज," बयजा म्हणाली.

डोणी पुरात दिसेनाशी झाली. बयजा काठावर उभी राहिली. राजाला नाचवणारे ते दोन हात, आणि करायला काही नाही. सारखी लुगड्याला पुसत होती ते. येसू शेजारी उभी होती.

ऊन कलायला लागलं तेव्हा डोणी दिसली. बयजा पाण्यातच शिरली. "सिदू! काय झालं?"

"निम्मं सांडलं हो, बाई. पोर गिळेना, थेंब थेंब सोडलं तोंडात."

"आणि?"

"निजली. घोरतीय."

"तूच पाजलंस ना? दुसऱ्या कुणी हात नाही ना लावला?"

"मीच पाजलं."

बयजा मटकन तिथेच वाळूत बसली आणि मोठमोठ्यानं रडायला लागली. मंजीसाठी रडली, आणि खरं सांगू, थोडी स्वतःसाठीही रडली. सिदूच्या मासळीच्या हातानं दिलं, निम्मं सांडलं, तरी लागू पडलं. म्हणजे औषध तिचं होतं. येसूनं तिला उठवलं, नाक पुसलं, आणि मग कबूल केल्याप्रमाणे घरापर्यंत सगळ्या वाटेनं भांडत आली.

दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी दोघी बेहड्याकडे गेल्या. बयजानं तांदूळ ठेवले, म्हणाली, "बाबा, येसूचं येसूला दे." उजाडल्यावर फळ पडलं ते येसूच्या ओंजळीत, आणि तिचे हात ऊब धरून बसले. तेव्हापासून त्या घरात तिसरी रीत सुरू झाली. कुठलंही नवं औषध झालं, की आधी बयजानं प्यायचं, मग सिदूच्या हातून द्यायचं. सिदूच्या हातून लागू पडलं तरच ते औषध. येसूनं हात लावायचा तो त्यानंतर.

पूर ओसरला, मंजी घरी आली. आई तिला घट्ट धरून निजली, तुम्ही मला धरलंय तशी. मग हेवा गेला का बयजाचा? छे! असा बरा जातो? गावात अजून लोक म्हणायचे, "धाकटीच्या हाताला गुण आहे हो," आणि बयजाच्या नाकपुड्या फुगायच्या. पण पलीकडच्या तीरावर येसूला कोण ओळखतंय? तिकडे कुणी निजेनासं झालं की माणसं सिदूला हाक मारून सांगायची, "बयजाचं मूळ आण रे!" सिदूनं हे येऊन सांगितलं की बयजा लगेच म्हणायची, "काय म्हणाले? जरा मोठ्यानं सांग, येसूला नीट ऐकू आलं नसेल." आणि चुलीपुढे बसून येसू नाक मुरडायची.

अशा त्या दोघी जावा भांडत-तंडत, एकाच चुलीवर काढे उकळत सुखानं राहिल्या. हळूहळू जागी त्या मुलखातून कायमची गेली. चला, मिटा डोळे आता. दिगू, पाय आत घे. सुमे, तू निजलीस सुद्धा? शहाणी माझी बाय.