परातभर माया

भांड्यांचा एक व्यापारी एकदा नवीकोरी पितळेची परात घेऊन एका वृद्ध वैद्यांच्या दारी आला. परात भेटीदाखल होती, काम निराळंच होतं. त्याच्या मागे त्याचा मुलगा श्रीरंग उभा होता. दर थोड्या वेळाने पोराची मान डावीकडे झटका खाई, डोळे मिटमिटत आणि घशातून खाकरल्यासारखा बारीक आवाज निघे. आवाज निघाला की बाप वळून बघे आणि बापाने बघितलं की मान आणखी जोरात हले.

“वैद्यबुवा, मुंज तोंडावर आली,” व्यापारी म्हणाला. “सगळी पेठ जेवायला येणार आहे. त्याआधी ही मान थांबली पाहिजे. डॉक्टर म्हणतात, घाबरू नका, पुष्कळ मुलांचं वाढत्या वयात आपोआप कमी होतं. पण आपण काय हातावर हात ठेवून बसायचं? अंगात काही कमी असेल ते भरून निघावं म्हणून मी एक पावडर चालू केली आहे. आता तुमच्याकडचंही काहीतरी द्या. कारण हल्ली त्याच्या बोटांना मुंग्या येतात. दुखणं पुढे सरकतंय.”

वैद्यांच्या शिष्याने मुलापुढे पाण्याचा पेला धरला. श्रीरंगने तो नीट पकडला, आणि पकडलेला पेला बोटांतून निसटून खणखणत अंगणात गेला. “मला कळलंच नाही सुटलेला,” पोरगं ओशाळून म्हणालं.

शिष्याने पेला उचलला, पण मुलाकडे बघायचं टाळलं. आठवड्यापूर्वी गुरुजी परगावी असताना मुलाची आई या मुंग्यांची तक्रार घेऊन आली होती. शिष्याने मोठ्या ऐटीत मज्जातंतूंना बळ देणारं टॉनिक तिच्या हाती ठेवलं होतं. गुरुजींना त्याने सांगितलं नव्हतं. मुलगा बरा झाला की मगच सांगायचं आणि पाठीवर थाप घ्यायची, असा त्याचा बेत होता.

वृद्धाने मुलाची बोटं एकेक दाबून पाहिली. मग तो म्हणाला, “शेटजी, उद्या सकाळी घरातल्या सगळ्यांना घेऊन या. या मुलाच्या पोटात जो कोणी जे काही घालतो, त्याने ते डब्यासकट आणायचं. आपसात मात्र बोलायचं नाही.”

ना नाडी, ना औषध! गुरुजींना म्हातारचळ तर लागला नाही ना, असं शिष्याला वाटून गेलं.

दुसऱ्या दिवशी सगळं घर अंगणात येऊन बसलं. मधोमध ती परात होती. “प्रत्येकाने आपला एका दिवसाचा वाटा यात ठेवा,” वृद्ध म्हणाला.

व्यापाऱ्याने डब्यातल्या पावडरीचे चमचे ओतले. मग आजी पुढे झाली. शेजारणीने खात्रीने सांगितलेल्या बुद्धिवर्धक गोळ्या तिच्या पदराच्या गाठीतून निघाल्या. काकूने पट्टीतून मॅग्नेशियमची गोळी काढून परातीत टाकली. आत्याकडे माशाच्या तेलाच्या कॅप्सूल होत्या, शिवाय कसलीशी चघळायची रंगीत गोळी. शेवटी आईने टॉनिकची बाटली काढली आणि मापाचं झाकण भरून परातीत रिकामं केलं.

“अगंबाई, तूही देतेस?” आजीने काकूला विचारलं.

“मला वाटलं, मी एकटीच देते. शाळेत जाताना, गुपचूप.”

कोणालाच कोणाचं ठाऊक नव्हतं. आपल्याच हाताला यश यावं, असं ज्याला त्याला वाटत होतं, आणि घर मोठं असल्यामुळे लपवायला जागाही भरपूर होती.

वृद्धाने परात व्यापाऱ्यापुढे सरकवली. “शेटजी, आज हे तुम्ही खा.”

“मी?” व्यापारी दचकून मागे सरला. “एवढं सगळं? वैद्यबुवा, माणूस आजारी पडेल!”

तोंडातून शब्द निघून गेला. आजीने पदर तोंडाला लावला.

“मी रोज खातो,” श्रीरंग म्हणाला. “सगळ्यांनी सांगितलंय, कुणाला सांगू नकोस.”

वृद्धाने शिष्याला हाक मारली. “डब्यांवरची बारीक अक्षरं वाच.”

शिष्य वाचू लागला. पावडरीत बी-सिक्स जीवनसत्त्व होतं. आजीच्या गोळ्यांत तेच. काकूच्या पट्टीवर मॅग्नेशियमच्या जोडीला तेच. रंगीत गोळीतही तेच. मग टॉनिकची बाटली हातात आली. तिच्यावरही तेच लिहिलेलं होतं.

“ते अति झालं तर काय होतं?” वृद्धाने विचारलं. “शिकला आहेस ना?”

“नसांना इजा होते, गुरुजी.” शिष्य बाटलीकडे बघत म्हणाला. “हातापायांना मुंग्या येतात. बधिरपणा येतो. हातातल्या वस्तू सुटतात. गुरुजी, ही बाटली मी दिली. मुंग्यांवर म्हणून मीच दिली.”

आईने मुलाला जवळ ओढलं. व्यापारी मुलाच्या बोटांकडे बघत राहिला. दुखणं पुढे सरकतंय म्हणून तो डबे वाढवत होता, आणि ते नवं दुखणं बहुधा त्याच डब्यांतून आलं होतं.

वृद्ध शांतपणे बोलू लागला. “हे सगळं बंद करा आणि डबे घेऊन आजच डॉक्टरांकडे जा. रक्त तपासतील, नसा तपासतील. माझी शंका खरी असली, तर वेळीच थांबल्याने बोटं हळूहळू सुधारतील. यातली वस्तू स्वभावतः वाईट नाही. एखाद्याच्या अंगात खरोखर उणीव असते, तेव्हा ती उपयोगीही पडते. पण उणीव आहे का, हे तुमच्यापैकी कुणी तपासलं नाही. या मानेचा धर्मच असा, की ती काही दिवस वाढते आणि काही दिवस आपोआप ओसरते. ओसरली की तुम्ही डब्याला श्रेय दिलंत. वाढली की नवा डबा आणलात. जुना मात्र कुणीच थांबवला नाही. प्रत्येकाची माया मापात होती हो. तिची बेरीज एकट्या पोराच्या पोटात होत होती.”

मग तो शिष्याकडे वळला. “तू याच्या आईला एकच प्रश्न विचारायचा होतास, की घरात आधीपासून काय चालू आहे. तो राहिला.”

शिष्याने मान खाली घातली. त्याला लाज वाटत होती आणि त्याहून जास्त भीती.

“पण मग मुंजीत मान हलली तर?” श्रीरंगने विचारलं. प्रश्न वैद्यांना होता, नजर बापाकडे.

“हलेल,” वृद्ध म्हणाला. “शेटजी, मुंजीत अंतरपाट दूर झाल्यावर बापाने काय बघायचं असतं?”

“मुलाचं मुख,” व्यापारी पुटपुटला.

मुंज ठरल्या मुहूर्तावर लागली. डबे बंद होते, डॉक्टरांकडे फेऱ्या चालू होत्या, बोटांच्या मुंग्या कमी होत होत्या. मंगलाष्टकं संपली, अंतरपाट बाजूला झाला, आणि सगळ्या पेठेदेखत श्रीरंगची मान झटक्याने डावीकडे गेली. बापाची नजर त्याच्या डोळ्यांवरून हलली नाही. मान परत जागेवर आली तेव्हा बापाची नजर तिथेच होती. श्रीरंग हसला.

शिष्य अक्षता घेऊन मागे उभा होता. त्या दिवसापासून दारी आलेल्या कुठल्याही आईबापाला तो औषधाआधी एवढंच विचारतो, “घरात आणखी कोण काय देतंय?”