देवीचे डोळे आणि उसनी चाकं

फार वर्षांमागे घाटाखालच्या गावात शेवंता नावाची जीप होती. पहिल्याच फेरीला तिनं माथ्यावरच्या देवीला नवस बोलला होता, "माझ्यात बसलेलं प्रत्येक माणूस सुखरूप घरी पोचवीन."

तिचा धनी गेनबा भाविक, पण काटकसरी. देवीला चांदीचे डोळे वाहायचे म्हणून तो पैसे साठवी आणि दरवर्षी पासिंगपुरती मेव्हण्याच्या जीपची नवी चाकं उसनी आणी. यंदाही पासिंग झालं, चाकं परत गेली आणि जुनी गुळगुळीत चाकं पुन्हा चढली. दुसऱ्या दिवशी बायका देवीची ओटी भरायला निघाल्या, तर शेवंता जागची हलेना.

"अगं, कालच पास झालीस ना? आज कसला रुसवा?"

"पास झाली ती चाकं मेव्हण्यांच्या दारात आहेत, धनी. माझ्या चाकांवर एकदा हात फिरवा."

गेनबानं हात फिरवला. आतल्या तारा बोटांना टोचल्या. वर पाहतो तर पुढच्याच बाकावर त्याची लेक, मांडीवर तान्हं घेऊन.

डोळ्यांच्या पैशांतून नवी चाकं आली. "आई, तुझे डोळे पुढच्या वर्षी गं," म्हणत गेनबानं नुसता नारळ ठेवला. संध्याकाळी शेवंतानं सगळ्यांना घरी पोचवलं.

बायांनो, तुम्हीही ओटी घेऊन गाडीत चढण्याआधी चाकावरून एकदा हात फिरवा.