रेड्याचा संशय

फार पूर्वी जनावरं टकरी खेळून पाणवठ्याचा मान ठरवत. जिंकणाऱ्याचा कळप आधी पाणी पिई, बाकीच्यांच्या वाट्याला गाळ येई. सात वर्षं अजिंक्य राहिलेल्या रांगड्या रेड्यासमोर त्या वर्षी लहान जनावरांच्या टकरी जिंकून आलेला एक ठेंगणा एडका उभा राहिला.

"लहानांत जिंकलास ना? मग तिथंच राहा की!" रेडा म्हणाला.

"गाळ पिऊन आमची कोकरं आजारी पडतात, दादा."

हा एवढा निर्धास्त कसा? रेड्याला संशय आला. झुडपामागं लांडगे लपवलेत? की पुढं खड्डा खणलाय? तो झुडपाकडे बघत, एक पाय उचलून जमीन चाचपू लागला. तेवढ्यात एडका धावत आला आणि त्यानं कानशिलावर धडक दिली. रेडा कोसळला.

"खरं सांग, तुझ्यामागं कोण होतं?"

"कुणीच नाही, दादा. मी तर समोरच होतो."